शिरवण रस्त्यावरचा सातोबा

१

मंगळवारी संध्याकाळी मधुकर दिवा लावायला गेला आणि पणती हातात धरून तसाच उभा राहिला. ज्याच्यासमोर ती ठेवायची, तो देवच जागेवर नव्हता.

तिवरपाड्याचा सातोबा म्हणजे मुळात रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड. काळा, डोकं गोल, पोटावर सातचा आकडा कोरलेला. फार वर्षांपूर्वी वरातीची एक बस वळणावर कलंडली, दगडाला अडकून थांबली आणि बेचाळीस माणसं वाचली. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी त्याला शेंदूर फासला. मग नारळ आले, नवस आले, चैत्रात जत्राही भरू लागली. शेंदराचे थर चढत गेले, पण आकडा तेवढा गावाने मोकळा ठेवला. देवाचं नावच त्यावरून पडलेलं, तो बुजवणार कोण?

जत्रा आठ दिवसांवर आली होती आणि बुधवारचा चहा होईपर्यंत गावाने चोरसुद्धा ठरवून टाकला. विपुल. रस्त्याला लागून त्याचा लग्नाचा हॉल होता, तिवरपाड्याच्या वळणावरून हॉलच्या मागच्या पार्किंगकडे जायला वाट हवी म्हणून तो वर्षभर मागे लागला होता, आणि सोमवारपासून त्याचा जेसीबी नेमका सातोबाच्या शेजारी उभा होता. पाच वाजता देवळात बैठक, तिथे त्याचा पालखीचा मान काढायचा आणि मग पोलिसांत द्यायचं, असं ठरलं.

जत्रेचा कारभार मधुकरकडे होता आणि माणूस सबुरीचा. तो म्हणाला, "पोलिसांत नंतर जाऊ. त्याच्या आदी टिपणीस साहेबांना बोलवू. हा रस्ता त्यांच्याएवढा कोनाला ठाव हाय?"

खारघरच्या अकराव्या मजल्यावर फोन वाजला तेव्हा नंदकुमार टिपणीस पेपरातलं कोडं सोडवत होते. रस्त्याच्या खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. सोसायटीतल्या चोरीला गेलेल्या पंपाचा छडा त्यांनी नुसत्या ओल्या पावलांवरून लावला होता, आणि ही हकिकत लिफ्टमध्ये भेटणाऱ्या नवख्या माणसाला चौथ्या मजल्यापर्यंत ऐकवून होत असे. फोन ठेवताना त्यांची छाती चांगलीच फुगली होती.

"देव हरवलाय," ते बायकोला म्हणाले. "आणि शोधायला मी हवा."

"टोपी घ्या," अरुणाताई म्हणाल्या. "ऊन आहे."

२

शिरवण रस्ता राज्यमार्ग खरा, पण जेमतेम नऊ किलोमीटरचा. शहराच्या कडेच्या चौकातून निघतो, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला गोदामं ठेवून शिरवण नावाच्या लहानशा गावठाणी बाजारपेठेत जाऊन संपतो. नकाशात बोटाच्या पेराएवढा. टिपणीसांनी त्यावर नोकरीची चौदा वर्षं काढली होती. हिरव्या डोक्याचे दगड ते ओळखीच्या माणसांसारखे मोजत निघाले. एक, दोन, तीन, चार. चारनंतर तिवरपाड्याचं वळण आलं आणि तिथे निम्मा गाव उभा होता.

"हात कोणी लावला नाही ना?" त्यांनी उतरताच विचारलं.

"नाय साहेब. तुमी येस्तवर दोरी बांधून ठेवलीय," मधुकर म्हणाला.

टिपणीस उकिडवे बसले. पाहण्यासारखं फार नव्हतं, आणि तेच पाहण्यासारखं होतं. जिथे दगड होता तिथे खड्डा नव्हताच. मुरूम भरून, धुम्मसाने चोपून जागा जमिनीबरोबर सपाट केलेली. त्यांनी नखाने उकरलं. वर मुरूम, खाली बारीक खडी, त्याखाली पुन्हा मुरूम, आणि आत अजून ओल. कुणीतरी थर घालून, प्रत्येक थरावर पाणी मारून तो बुजवला होता. कडेला पळसाच्या पानांवर सातोबाचे हार, लिंबू आणि नवसाचा तांब्याचा छोटा डोळा नीट मांडून ठेवलेला. खाडीकडच्या उतारावरचं गवत एका पट्ट्यात झोपलं होतं, पण तिथेच जेसीबीही फिरला होता.

"चोरानी देव नेला न दागिना ठेवून गेला?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"आणि खड्डा बुजवून गेला," टिपणीस म्हणाले. "कुणाचा पाय मुरगळू नये म्हणून."

आपलं वाक्य त्यांना आवडलं. पण त्याच वेळी मनात काहीतरी खुपलं. या वळणावर पूर्वी एकदा आपण असेच उन्हात उभे होतो, समोर बायका बसल्या होत्या, कसलीशी अडचण झाली होती. काय ते नीट आठवेना. त्यांनी टोपी सारखी केली आणि विपुलच्या हॉलकडे गाडी वळवली.

३

हॉल सहाच्या दगडासमोर होता. टिपणीस दगडाला वळसा घालून आत शिरले आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं, चारनंतर आपण थेट सहाच पाहतोय. पाचचा दगड कुठे गेला? उडवला असेल एखाद्या ट्रकने, असं म्हणून त्यांनी विषय सोडला.

विपुल पस्तिशीचा, गळ्यात जाड साखळी, आणि घाबरलेला. घाबरलेला माणूस मोठ्याने बोलतो तसा तो बोलत होता.

"साहेब, मला वाट पायजे होती, खोटं कशाला बोलू? पण माझा जेसीबी लागला असता ना, तर तिथं म्हैस बसंल एवढा खड्डा झाला असता. तुमी बघितली ना, जागा हातभरच उकरलीय, पहारीनं काढलाय. जेसीबीचा डिझेल पंप सोमवारीच गेलाय. मेकॅनिक आलाच नाय."

"मग वाट सातोबाच्या पलीकडून काढायची."

"तेच टेन्शन ना. कुठला दगड कुठल्या नंबरचा, कागदावर काय न इथं काय, ऑफिसात कोनी सांगतच नाय."

हा प्रश्न म्हणजे टिपणीसांचा आवडीचा. "ते मला विचार. हे सगळे आकडे मीच बदलले, दोन हजार सहा साली. पूर्वी हा रस्ता जुन्या बंदरापासून मोजायचे, अकरा किलोमीटर. पहिले दोन शहरात गेले, शून्य चौकावर आला. मग प्रत्येक आकडा दोनाने उतरवला. जुने सगळे दगड काढले, नवे बसवले. एका महिन्यात. वरिष्ठांनी पाठ थोपटली होती."

"सगळे काढले?" विपुलने सहज विचारलं.

"सगळे," टिपणीस म्हणाले आणि का कोण जाणे, त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

परत गावात येऊन ते सुमित्राबाईंकडे गेले. संशयाची दुसरी सुई त्यांच्याकडेच होती. चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, त्यांचा मिथुन सातोबाच्या वळणावर खडीवरून मोटरसायकल घसरून पडला. सव्वीस वर्षांचा पोर. अँब्युलन्स वेळेवर आली नाही. अंत्यविधीहून परतताना या बाईने सगळ्या गावादेखत सातोबाला चप्पल मारली होती.

त्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

"मी नाय काढला," त्या आपणहून म्हणाल्या. "मी काढला असता तर घनानी फोडला असता. वर पानी मारून जागा सारवली नसती."

"रागावला होतात त्याच्यावर."

"रागावू नको तर काय करू? पस्तीस मिनटा माझा पोर त्याच्या पायाशी पडला होता. पस्तीस. डाक्टर बोलला, धा मिनटा आदी आनला असता तर जगला असता." त्यांनी वालाची साल बाजूला टाकली. "पन दगडाला काय अक्कल? अक्कल त्या पोरीला पायजे होती. नामदेवच्या उन्नतीला. फोन तिनी केला ना. जागा चुकीची सांगितली. गाडी भलतीकडंच जाऊन उभी रायली, हिचा फोन बंद पडला. तवापासून मी तिचा तोंड बघत नाय. गावात कोनीच बघत नाय."

"काय सांगितलं होतं तिने?"

"बोलते, सातच्या दगडापाशी. खोटारडी! सातच्या दगडापाशी सांगितला असता तर गाडी नसती का आली?"

टिपणीस तसेच वळले आणि निरोपही न घेता रस्त्याला लागले. भर उन्हात.

४

विचार नको म्हणून माणूस चालू लागतो, तसे ते चालू लागले. वळणाच्या पुढे दोनशे पावलांवर गोजरा नावाची एक बाई ताडगोळे विकत बसायची. ती पलीकडच्या गावची, इथल्या कुणाला फारशी ओळखत नव्हती. मंगळवारी दुपारी इथून कोण गेलं, हे तिला कालपासून दहा जणांनी विचारलं होतं.

"कोनी नाय गेला," ती कंटाळून म्हणाली. "गाऱ्या-मोटारी गेल्या. दगडाजवळ कोनी नाय आला."

"अगदी कोणी नाही?"

"रस्त्याचा काम चाललेला तेवढा. लाल फडका लावून एक मानूस खोदत होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एक बाय घमेल्यातून मुरूम टाकत होती. ते आपले कामवाले. त्यांना काय बघायचा?"

"नारिंगी जाकीट होतं अंगात? चमकणारं?"

"नाय. खाकी शर्ट होता."

टिपणीसांनी हातातला ताडगोळा न खाताच परत ठेवला. रस्त्यावर आता जे राबतात ते ठेकेदाराचे मजूर, नारिंगी जाकिटातले. खाकी शर्ट खात्याच्या मैलकुलीचा. एकेका मैलकुलीकडे चार-पाच किलोमीटर रस्ता असायचा, खड्डा बुजवायचा, गवत काढायचं, दगड रंगवायचे. ती भरती बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. या रस्त्याचा शेवटचा मैलकुली तिवरपाड्यातच राहत होता आणि थरावर पाणी मारल्याशिवाय दुसरा थर घालायचा नाही, हे त्याला स्वतः टिपणीसांनीच शिकवलं होतं.

नामदेव मढवी अंगणात खाटेवर बसला होता. सत्तरी ओलांडलेला, हाडं दिसणारा. साहेबांना पाहून तो धडपडत उठला आणि हात जोडले.

"साहेब! हिकडं कशाला आलाव? मी आलो असतो ना."

"बस रे, बस." वयाने सात-आठ वर्षांनी मोठ्या माणसाला ते जन्मभर असंच बोलत आले होते.

आतून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. वीस-एकविसाची. तांब्या ठेवला, मान वर न करता आत गेली. तिच्या उजव्या तळहाताला फोड आले होते. घमेल्याच्या कडेने येतात तसे.

"आमची नात. उन्नती," नामदेव म्हणाला. "कॉलेजला जात होती. आता नाय जात. बोलत पन नाय."

टिपणीस पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवताना त्यांची नजर अंगणातल्या मोरीकडे गेली. तिथे कपडे धुवायचा दगड पडला होता. लांबट, कडा सरळ, आणि एका टोकाला गोल. ते उठले. वाकून त्यांनी गोल टोकाखाली हात घातला. साबणाचं पाणी जिथे पोचलं नव्हतं तिथे हिरव्या रंगाचे पोपडे बोटांना लागले. राज्यमार्गाच्या दगडाचं डोकं हिरवंच असतं.

"नामदेव, हा उलटा कर."

"साहेब, ऱ्हाऊ द्या."

"उलटा कर म्हणतो ना!"

दोघांनी मिळून तो कुशीवर वळवला. खालच्या अंगाला, ओल्या मातीत, एकोणीस वर्षं कुणी न वाचलेला आकडा कोरलेला होता. पाच.

५

मग सगळं एकदमच आठवलं. खरं तर ते विसरले कधीच नव्हते. नुसते त्याच्यावरून पुढे गेले होते.

दोन हजार सहाचा मे महिना. बंदरापासूनचे जुने दगड उपटून झाले होते, राहिला होता एकच. जुना सात. त्याच्या जागी पाच बसवायचा. पण त्या सातचा सातोबा झाला होता आणि तिवरपाड्याच्या बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्याच्याभोवती बसून होत्या. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांची पाहणी. टिपणीसांना बढती दिसत होती. ते नामदेवला बाजूला घेऊन म्हणाले होते, "राहू दे रे. देव आहे, कोण हात लावणार. मी लिहितो, काढला म्हणून. पाचचा दगड ने घरी." आणि त्यांनी लिहिलं होतं, सर्व जुने दगड काढून नवे बसवले. खाली सही. पाहणीला आलेल्या साहेबाने गाडीतून उतरायचीही तसदी घेतली नव्हती.

म्हणजे तेव्हापासून शिरवण रस्त्यावर दोन सात उभे होते. एक तिवरपाड्याला, गावाने पुजलेला. दुसरा दोन किलोमीटर पुढे, शिरवणच्या बाजूला, कागदावर खरा. पोरीने समोरचा आकडा वाचून सांगितला. गाडी शिरवणहून आली, कागदावरच्या सातपाशी थांबली, झुडपं धुंडाळली, फोन लागेना म्हणून परत फिरली.

"कधी कळलं तुला?" टिपणीसांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

"गेल्या महिन्यात. पोर रोज रात्री झोपेत एकच बोलायची, सातच होता, सातच होता. मंग मना उमगला, साहेब. ती खरा बोलते. काम आपला ऱ्हायला होता." नामदेव खाटेच्या काथ्याकडे पाहत होता. "म्हनून काढला. भर दुपारी, लाल फडका लावून, खात्याच्या शर्टात. देवाला हात जोडला, नारळ दिला न उतारावरनं भरतीच्या पान्यात सोडला. देव आमी केला होता, साहेब. पन त्याच्या अंगावरचा आकडा तुमी न मी ठेवला. पाच बी कालच लावनार होतो, दोघांच्यानं चढावर ढकलवला नाय, म्हनून खड्डा बुजवला."

"मग बोलला का नाहीस? विपुलवर आळ आलाय."

"आज पाच वाजता बोलनारच हाय. बोलेन, म्हातारा हाय, चढली होती, उपटला. मारतील दोन. पोलिसात पन नेतील." मग तो हळूच म्हणाला, "खरा बोललो तर विचारतील, तवा का नाय काढला? मंग तुमचा नाव निघंल. तुमीच मना खात्यात कायम केला, साहेब. तुमचा नाव मी कसा घेऊ?"

टिपणीस खाटेवर, नामदेवच्या शेजारी बसले. हा माणूस सातोबा पाण्यात सोडून आला होता, मार खायला तयार होता, आणि हे सगळं त्यांच्या सहीसाठी. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. आणि त्या लाजेच्या तळाशी बसून त्यांचं मन, इतक्या वर्षांच्या सवयीचं मन, हिशोब करत होतं. म्हातारा म्हणतोय तसं होऊ दिलं तर? विपुल सुटतो. नामदेवला समज देऊन सोडतील. मी गाडीत बसून घरी.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नामदेव खोटं बोलला तर विपुल सुटत होता, टिपणीस सुटत होते. उन्नती मात्र जन्मभर चुकीची जागा सांगणारी राहणार होती.

खिशात फोन थरथरला. अरुणाताई होत्या.

"काय हो, सापडला का चोर?"

"सापडला," टिपणीस म्हणाले.

"कोण?"

त्यांनी फोन ठेवला.

६

पाच वाजता देवळात बसायला जागा नव्हती. विपुल खांबाला टेकून घाम पुसत होता. सुमित्राबाई बायकांच्या पुढे बसल्या होत्या. नामदेव दाराशी उभा होता आणि त्याच्यामागे, चार महिन्यांत पहिल्यांदाच, उन्नती. तिच्या आजूबाजूची जागा लोकांनी मोकळी सोडली होती.

मधुकरने रीतीप्रमाणे टिपणीसांना शाल घातली, नारळ दिला. "साहेब रस्त्याचा देवमानूस हाय," असंही म्हणाला. टिपणीसांनी शाल काढून घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही, वळणावरून देवळात आणलेल्या सातोबाच्या हारांशेजारी नेऊन ठेवले.

"विपुलने काही केलेलं नाही," ते म्हणाले. "सातोबा काढला तो नामदेवने. त्याची चूक नाही. त्याला एकोणीस वर्षांपूर्वी मी दिलेलं काम ते होतं आणि मीच ते करू दिलं नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बंदर, चौक, दोनाने उतरलेले आकडे, थर घातलेला खड्डा, खाकी शर्ट, मोरीतला पाच. पंपाची गोष्ट ते रंगवून सांगत. ही सांगताना शब्द एकामागून एक ओढून काढावे लागत होते. शेवटी त्यांनी सहीचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. सर्व जुने दगड काढून नवे बसवले.

"म्हंजे," सुमित्राबाई सावकाश म्हणाल्या, "पोर खरा बोलली होती?"

"हो. तिच्यासमोर सातच होता. तिने बरोबर सांगितलं. खोटं मी लिहिलं होतं."

सुमित्राबाई उठल्या. टिपणीसांना वाटलं, आता चप्पल येणार, आणि यावी असंही वाटलं. पण त्या त्यांच्या बाजूने वळल्याच नाहीत. दाराशी गेल्या, उन्नतीसमोर उभ्या राहिल्या. पोरगी मान वर करेना. बाईंनी तिचा फोड आलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो कपाळाला लावून त्या रडू लागल्या. मोठ्याने, गळा काढून. चार महिन्यांत गावाने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

किती वेळाने कोण जाणे, त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"साहेब, चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तिते."

गाव मागे, टिपणीस पुढे, असे सगळे वळणावर आले. सुमित्राबाईंनी बुजवलेल्या खड्ड्याकडे बोट केलं.

"हिते उभा ऱ्हावा. पस्तीस मिनटा. बोलायचा नाय, बसायचा नाय. मंग जावा घरी. माजा तुमच्याशी दुसरा काय नाय."

मधुकर मध्ये पडायला पुढे झाला. टिपणीसांनी हातानेच त्याला थांबवलं आणि ते जाऊन त्या मुरुमावर उभे राहिले. टोपी गाडीत राहिली होती, ऊन अजून तोंडावर येत होतं. शिरवणकडून गाड्या येत होत्या आणि न थांबता जात होत्या. प्रत्येक गाडी लांबून दिसली की हीच असेल असं वाटायचं, आणि ती नसायची. पाच मिनिटांत त्यांना कळलं की पस्तीस मिनिटं म्हणजे काय. दहाव्या मिनिटाला त्यांना डोळे पुसावे लागले.

विपुल आणि चार जण मिळून मोरीतला दगड हातगाडीवरून घेऊन आले आणि जरा दूर थांबले. नामदेवच्या हातात पहार होती. तोही उभाच होता. रस्त्यापलीकडे सुमित्राबाई उन्नतीचा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मिथुनचं जुनं घड्याळ होतं.

टिपणीसांनी तिकडे पाहिलं. सुमित्राबाईंनी घड्याळ पाहून नाही अशी मान हलवली.

अजून बारा मिनिटं बाकी होती.